त्रिचक्री मोटारसायकलच्या बेल्टची थरथर आणि बाहेरून बसवलेला डॅम्पर : निगा कशी राखायची, बदलायचा तर कोणता?

सह्यवारा

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो. गाडी कॅन-ॲम स्पायडर आरटी, २०१६ चं मॉडेल, १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन. पाठीच्या दुखण्यामुळे दोन चाकं सोडून तीन चाकांवर आलो. मागे सौ. बसतात आणि आम्ही दोघं वर्षाला एक मोठी फेरी करतो.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी : पुढे दोन चाकं, मागे एक. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला चेनने नाही, तर कार्बनचे धागे घातलेल्या दातेरी बेल्टने जाते. चेनसारखं तेलपाणी करावं लागत नाही आणि आवाजही कमी. पण एका ठरावीक वेगाला हा बेल्ट थरथरतो. माझ्या गाडीत ताशी ६४ ते ७० मैलांच्या दरम्यान पाय ठेवायच्या फळीतून मुंग्या येतात आणि आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसतो. ७५ ला गेलं की सगळं शांत.

दोन वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून बाजारात मिळणारा डॅम्पर बसवला. स्प्रिंगच्या हातावर एक रोलर असतो. तो बेल्टच्या खालच्या पदराला बाहेरच्या गुळगुळीत बाजूने वर दाबून धरतो. बसवल्या दिवशीच थरथर बरीच कमी झाली, म्हणून त्यानंतर मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. चूक इथेच झाली.

यंदा स्कायलाइन ड्राइव्हला गेलो होतो. फ्रंट रॉयलपासून रॉकफिश गॅपपर्यंत १०५ मैल, वेगमर्यादा ३५. तिथे काहीच जाणवलं नाही. पण परतताना आय-८१ हायवेला लागलो आणि ६० च्या पुढे खालून बारीक 'कुईंऽऽ' सुरू झालं. सौ.नी हेल्मेटच्या इंटरकॉमवर आधी सांगितलं, मला नंतर ऐकू आलं. पेट्रोल पंपावर वाकून बघितलं तर रोलर फिरत नव्हता, बेल्ट नुसता त्याच्यावरून घासत चालला होता. बेल्टच्या पाठीवर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटलेला, हात लावला तर चटका बसेल इतका गरम. तिथेच दोन बोल्ट काढून डॅम्पर डिकीत टाकला आणि थरथर सोसत घरी आलो.

घरी रोलर उघडला. बेअरिंगवर ६२०२-झेडझेड असं कोरलेलं. आतून तांबूस चिखल निघाला. ग्रीस नावालाही नव्हतं. नवीन बेअरिंग बोटात धरून फिरवलं की कसं लोण्यासारखं फिरतं, हे फिरवताना बोटांना वाळू चुरल्यासारखं लागत होतं.

माझे प्रश्न :
बेल्ट बदलावा लागेल का? तोच डॅम्पर दुरुस्त करू की मोठ्या रोलरचा नवा घेऊ? आणि मुळात ही थरथर डॅम्परशिवाय जाऊ शकते का?

---

मंदगती

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तोच शेवटी विचारतात. तुम्ही डॅम्पर बसवण्याआधी मागचं चाक बॅलन्स करून घेतलं होतं का? बेल्टचा ताण मोजला होता का?

माझी २०१५ ची स्पायडर एफ३, क्लच दाबून गिअर टाकायची. मलाही ६५ च्या आसपास असंच व्हायचं. तेव्हा मी रिकाम्या रस्त्यावर तीन गोष्टी करून बघितल्या. त्याच वेगात क्लच दाबून गाडी नुसती ओघळू दिली. थरथर तशीच राहिली, म्हणजे दोष इंजिनाचा नाही. मग थ्रॉटल हळू दिला, हळू सोडला. बेल्टची थरथर थ्रॉटलप्रमाणे कमीजास्त होते, कारण पदरांवरचा ताण बदलतो. टायरची थरथर मात्र वेगाशी बांधलेली असते, थ्रॉटल कसाही असो. तिसरं म्हणजे कुठे जाणवतं ते बघितलं. हँडल हलत असेल तर पुढची चाकं बघा, सीट आणि पाय हलत असतील तर मागचं चाक किंवा बेल्ट.

माझ्या गाडीत निम्मा दोष टायरचा निघाला. मागचा टायर २२५/५०-१५, कारसारखा सपाट, आणि तो मधल्या पट्ट्यातच जास्त झिजतो. नवीन टायर, नीट बॅलन्स आणि स्टिकरवर लिहिलेली हवा, एवढ्यावर थरथर अर्ध्यावर आली. त्याआधी डॅम्पर बसवला असता तर टायरचा दोष झाकला गेला असता.

तुमची आरटी एसई६ (क्लचचा लिव्हर नसलेली) असेल तर क्लचची चाचणी जमणार नाही. थ्रॉटलची जमेल.

---

रानजाई

ह्यूस्टनहून. माझी हार्ले ट्राय ग्लाइड. मागे दोन चाकं असलेली, पण मागे जाणारी ताकद बेल्टनेच. हार्लेने १९८० च्या स्टर्जिस मॉडेलला बेल्ट दिला तेव्हापासून या बेल्टचा त्यांना सराव आहे. आमच्याकडे बेल्टचा झोल बघायची पद्धत अगदी साधी : १० पौंडांचा दाब देणारं एक छोटं स्प्रिंगचं साधन बेल्टच्या खालच्या पदराला लावायचं आणि बेल्ट किती वर जातो ते बघायचं. माझ्या गाडीत डॅम्पर नाही आणि कधी गरजही पडली नाही.

सह्यवारादादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल काळजी वाटते. पाठ चकचकीत झाली एवढ्यावर बेल्ट मेला असं नाही, पण तो उजेडात नीट बघा. मागचं चाक उचलून हाताने फिरवत, पूर्ण फेरी होईपर्यंत. दातांच्या मुळाशी बारीक चिरा, पाठीवर सुटलेले काळे धागे, कडेला विस्कटलेली किनार, किंवा खडा अडकून पडलेलं भोक, यातलं काहीही दिसलं तर बदला. आणि दोघं मिळून लांब जाता, मागे सौ. बसतात, म्हणून शंका असेल तर बदलाच. बेल्ट तुटला की चाकाला ताकद मिळत नाही, आणि ते हायवेच्या मधल्या लेनमध्ये व्हायला नको.

आणखी एक : बेल्ट काढलात तर तो दुमडू नका, उलटा पिळू नका. कार्बनचे धागे ताणाला भक्कम, पण एकदा मुडपले की आतून मोडतात आणि वरून काही कळत नाही.

---

इचलकरंजीकर

मी गाडीवाला नाही. आयुष्यभर यंत्रमागांवर काम केलं, आणि त्याआधी वडिलांची पिठाची गिरणी होती. मुलगा ओहायोत आहे, त्याच्याकडे आलोय म्हणून हे वाचतोय. पण पट्टा म्हणजे पट्टा, म्हणून लिहितो.

आमच्या गिरणीत मोटारीपासून जात्यापर्यंत कॅनव्हासचा लांब पट्टा होता. दुपारी मोटार सुरू झाली आणि एका विशिष्ट वेगाला आली की पट्टा मध्ये फडफडायचा, चाबकासारखा. वडील म्हणायचे, "पट्टा गातोय." त्यांनी कधी राळ लावली, कधी मोटार मागे सरकवून पट्टा ताणला. शेवटी सुताराकडून एक लाकडी चाक करून घेतलं आणि पट्ट्याच्या मध्याजवळ हलकेच टेकवलं. फडफड थांबली.

तंबोरा वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. खुंटी पिळून ताण वाढवला की स्वर चढतो, पण कंजूषपणे. ताण दुप्पट केला तरी कंपनं दुप्पट होत नाहीत, १.४१ पटच होतात. कंपनं १० टक्के चढवायची तर ताण २१ टक्के वाढवावा लागतो. उलट, तारेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं की स्वर एकदम वरच्या सप्तकात जातो, म्हणजे कंपनं दुप्पट. डॅम्परचा रोलर म्हणजे ते टेकवलेलं बोट. तो पट्ट्याची मोकळी लांबी तोडतो.

तुमच्या टायरचा हिशोब मुलाकडून करून घेतला. २२५/५०-१५ म्हणजे ६०६ मिलिमीटर व्यास, घेर साधारण १.९ मीटर. ६५ मैल म्हणजे ताशी १०५ किलोमीटर. त्या वेगाला चाक सेकंदाला १५ फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं. चाकात, पुलीत किंवा टायरात कुठेही जरा वाकडेपणा असेल, तर पट्ट्याला सेकंदाला तेवढे, त्याच्या दुप्पट, तिप्पट धक्के बसतात. त्यातला एखादा धक्का पट्ट्याच्या स्वतःच्या स्वराशी जुळला की तो गायला लागतो. ७५ ला शांत होतो तो याचमुळे, स्वर जुळेनासा होतो.

म्हणून ताण वाढवत नेऊन हे घालवू नका. ताण फार वाढला की पुढच्या पुलीच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर भार पडतो. आमच्या गिरणीत ताणलेल्या पट्ट्यानेच मोटारीचं बेअरिंग खाल्लं होतं.

---

सह्यवारा

काका, तंबोऱ्याचं उदाहरण एकदम पटलं. आमच्याकडे सौ. शिकायच्या, त्यांना वाचून दाखवलं.

मंदगती, खरं सांगतो, मी दोन्ही केलं नव्हतं. मुख्य म्हणजे ताण मोजलाच नव्हता, दुकानात जसा ठेवला तसा राहिला. रानजाईताई, बेल्ट पूर्ण फिरवून बघितला. चिरा नाहीत, धागे सुटलेले नाहीत, चकाकी फक्त पाठीवर. तरी या हिवाळ्यात बदलणारच आहे.

---

तिसरंचाक

टोरांटोहून. माझ्याकडे कॅन-ॲमचीच रायकर आहे, तिला मागे बेल्टऐवजी शाफ्ट, त्यामुळे या भानगडीत मी कधी पडलो नाही. आतला सीव्हीटीचा (आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा) बेल्ट असतो, पण तो वेगळा विषय. आता जुनी आरटी घ्यायचा विचार आहे. १३३० इंजिनवाली घेताना बेल्टच्या बाबतीत काय काय बघू?

---

मंदगती

@तिसरंचाक, सगळ्यात आधी पुढची पुली. झाकण काढून टॉर्च मारा. पुलीच्या मध्याभोवती, बोल्टजवळ, कुंकवासारखी तांबडी भुकटी दिसते का? १३३० वाल्या स्पायडरमध्ये हा प्रकार खूप जणांना दिसला आहे. शाफ्टच्या आणि पुलीच्या खाचा एकमेकांत अगदी किंचित हलतात, घासतात, आणि लोखंडाची गंजलेली पूड बाहेर पडते. थोडी असेल तर पुली उतरवून खाचा साफ करून, मॉलिब्डेनमची पेस्ट लावून, नवीन बोल्टने मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला घट्ट करतात. खाचा धारदार, पातळ झाल्या असतील तर पुली बदलायची, आणि शाफ्टही झिजलेला असेल तर ती गाडी सोडून द्या.

सह्यवारा, तुम्हीही हे बघाच. पुलीच ढिली असेल तर बेल्टला धक्के तिथूनच बसत असतील, आणि ते झाकायचं काम तुम्ही डॅम्परला दिलं असेल.

मग मागच्या पुलीवर बेल्ट कुठे चालतो ते बघा. चाक उचलून हाताने पुढे फिरवा, मग उलटं फिरवा. बेल्ट पुलीच्या कडेच्या भिंतीला घट्ट घासत चालला तर चाक तिरकं बसलंय. ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरने ते सरळ करायचं. यात सगळ्यांचा वैताग एकाच ठिकाणी : सगळं जुळवून ॲक्सलचा नट आवळला की बेल्ट पुन्हा सरकतो. म्हणून आवळल्यानंतर पुन्हा फिरवून बघायचं, पुन्हा ताण मोजायचा. मला चार वेळा करावं लागलं.

---

रानजाई

ताण मोजण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. गाडी गार असतानाच मोजा. लांबून आल्यावर इंजिनाचं ॲल्युमिनियम तापून प्रसरण पावलेलं असतं, आणि कार्बनचा बेल्ट जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे ताण जास्त दाखवतो. मी एकदा गरम गाडीवर मोजून बेल्ट सैल करून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लोंबत होता.

साधन कोणतंही वापरा. बेल्टवर दाबून 'टक्' झाल्यावर आकडा दाखवणारं क्रिकिट असो की फोनवरचं आवाज मोजणारं ॲप असो, दर वेळी तेच साधन, तीच जागा, चाक तसंच उचललेलं. डॅम्पर मात्र सोडवून मोजा. रोलर टेकलेला असेल तर आकडा खोटा येतो.

सह्यवारादादा, एक विचारते. तुमचा डॅम्पर खालच्या पदरावर आहे. थ्रॉटल दिला की वरचा पदर ताणला जातो आणि खालचा सैल पडतो, पण थ्रॉटल सोडून इंजिनाच्या ब्रेकने उतरताना खालचाच पदर ताणतो. रिव्हर्समध्येही तसंच. तेव्हा स्प्रिंगला दबायला जागा आहे का?

---

इचलकरंजीकर

ताईंनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलं. रोलर पट्ट्याला अनुसरून हलला पाहिजे. त्याने पट्ट्याला अडवता कामा नये.

आणि मोठा रोलर घ्यायचा का, याचं उत्तर माझ्याकडून हो असं आहे. दोन कारणं. एक म्हणजे, पट्टा पुलीवर ज्या बाजूला वाकतो त्याच्या उलट बाजूला हा रोलर त्याला वाकवतो. रोलर जितका लहान, तितका तो उलटा बाक तीव्र, आणि दर फेरीला धागे तितके थकतात. दुसरं बेअरिंगचं. मागची पुली चाकाच्या निम्म्या व्यासाची धरा. मग १०५ किलोमीटरला पट्टा सेकंदाला साडेचौदा मीटर धावतो. ६० मिलिमीटरचा रोलर मिनिटाला साधारण ४,६०० फेऱ्या घेईल, ७५ मिलिमीटरचा ३,७००. तुमच्या रोलरमध्ये असलेलं ६२०२ बेअरिंग आपल्याकडे छताच्या पंख्यातही असतं, आणि पंखा तर मिनिटाला चारशेही फेऱ्या घेत नाही. वेग बेअरिंगला झेपतो, पाणी झेपत नाही. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, धूळ अडवतं पण पाणी आत जातं. रबराची सील असलेलं २आरएस घ्या.

स्प्रिंग किती जोराची? हाताने रोलर पट्ट्यापासून सहज दूर ओढता आला पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर ती जास्त आहे. टेकवायचं असतं, रेटायचं नसतं.

---

सह्यवारा

तीन आठवड्यांनी परत येतोय. उशिराबद्दल माफ करा, पण सगळं एकेक करून, मध्ये गाडी चालवून बघत केलं, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

आधी डॅम्पर न लावता चालवली. ६४ ते ७०, थरथर जशीच्या तशी.

मग पुढची पुली. झाकणाच्या आत तांबडी भुकटी होती, बोटाला लागली एवढी. मंदगती, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. दोन वर्षं मी डॅम्परवर विसंबून राहिलो आणि आत हे चाललं होतं. खाचा अजून जाड आहेत, साफ करून पेस्ट लावून नवीन बोल्ट टाकला. फरक थोडा, पण थ्रॉटल देताना-सोडताना खालून यायचा तो बारीक 'टक्' गेला.

मग मागचा टायर बॅलन्स केला. मोठा फरक याने पडला. पायातल्या मुंग्या गेल्या, आरसा मात्र अजून थोडा पुसट.

मग नवीन बेल्ट, ताण आणि सरळ रेषा. तीन वेळा आवळून-सोडून झालं. इथे एक मजेशीर गोष्ट दिसली : ताण मॅन्युअलमधल्या मर्यादेत आणल्यावर थरथर गेली नाही, ७२ च्या जवळ सरकली. काकांनी सांगितलं तेच, तार चढली आणि स्वर वर गेला.

सगळ्यात शेवटी डॅम्पर. नवीन हात घेतला, मोठा रोलर, त्यात ६२०२-२आरएस. रानजाईताई, स्प्रिंगला जागा आहे का हे गॅरेजमध्येच बघितलं. सौ. गाडीवर बसल्या, मी रिव्हर्स टाकून इंचभर मागे घेतली. खालचा पदर ताणला तसा रोलर खाली गेला आणि सोडल्यावर परत टेकला. जुन्या डॅम्परचा हात अशा वेळी टोकाला अडायचा, त्याच्या बुशवर घासल्याची खूण आहे. त्याचं बेअरिंग जाण्यामागे पाण्याबरोबर हेही असणार.

काल पार्कवेवर ७२ ला स्थिर धरली. आरशात मागच्या ट्रेलरवरची अक्षरं वाचता आली.

---

रानजाई

वाचून फार बरं वाटलं. आता निगा कशी ठेवणार? आणि जोराच्या पाण्याने धुता का?

---

सह्यवारा

धुतो, पण पाण्याचा झोत आता रोलरच्या दिशेने जाऊ देत नाही. सीलच्या ओठाखालून पाणी शिरतं. बेल्टला साबणाचं पाणी आणि फडकं, तेल किंवा चकाकीचा स्प्रे अजिबात नाही.

दर तेलबदलीला डॅम्परचे दोन बोल्ट सैल करून रोलर बेल्टपासून सोडवायचा, हाताने फिरवायचा, कडेने हलवून बघायचा. खरखर लागली किंवा डोलला तर बेअरिंग बदलायचं, थांबायचं नाही. बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे सैल झाला तर वाकल्याबरोबर दिसेल. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून गाडी उभी करण्याआधी खालून साध्या पाण्याने धुऊन, पुसून, चाक दहा-बारा वेळा हाताने फिरवून ठेवतो.

दोन ६२०२-२आरएस आणि त्या मापाचा पाना सीटखाली कापडात गुंडाळून ठेवले आहेत. जुनं बेअरिंगही टाकलं नाही, गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलं आहे. दर महिन्याला नजर जाते.